तोंडात किती बोटं जातात

माझा बाप सकाळी उठला की आधी आरशापुढं उभा राहायचा आणि तोंडात बोटं घालून बघायचा. तीन बोटं एकावर एक, वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे उभी. मी तिसरीत होतो तेव्हा तीन जायची. मग दोन. सातवीत गेलो तेव्हा एकच जाऊ लागलं, आणि आई भात शिजवून, घोटून, चमच्याच्या टोकानं गालाच्या फटीतून आत सारायची. आमच्या भंडाऱ्याकडं खर्रा खाणं म्हणजे पाणी पिण्यासारखं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासायचा आणि गालात धरायचा. बापाच्या गालाची आतली कातडी आधी ताठ झाली, मग पांढरी पडली. नागपूरला मोठ्या दवाखान्यात तिचा तुकडा काढून तपासला आणि आम्हाला सांगितलं की आता घरी न्या. त्या वर्षी माझी शाळा सुटली ती सुटलीच.

हे आधी सांगितलं, कारण पुढची गोष्ट एका दाढेची आहे, आणि दाढ काढणं ही काही सांगत बसण्यासारखी गोष्ट नव्हे. लोक काढतात, आठ दिवस मऊ खातात आणि विसरतात. पण मी त्या बापाचा मुलगा आहे. आणि खर्रा मीही खाल्लेला आहे. दहाव्या वर्षापासून. बाप गेल्यावरही सोडला नव्हता. जिनं आपला बाप खाल्ला तीच वस्तू माणूस गालात कशी धरतो, हे मला विचारू नका. मला स्वतःला अजून कळलेलं नाही.

सोडला तो इथं येऊन. पवनचक्क्यांचे खांब उभे करणाऱ्या टोळीबरोबर मी भूम तालुक्यात आलो होतो. खांब उभे राहिले, टोळी पुढं कर्नाटकात गेली, मी मागं राहिलो. ईट गावाच्या अलीकडं एका वस्तीवर खव्याची भट्टी आहे, तिथं माणूस पाहिजे होतं. भट्टीच्या मालकाला सगळे तात्या म्हणतात आणि त्यांच्या बायकोला अक्का. मी कामाला विचारायला गेलो तेव्हा तात्या काही बोलायच्या आत अक्कांनीच विचारलं होतं, "तोंडात काय हाय?"

गाल फुगलेला होता.

"थुकून ये. हितं कढईपाशी तसलं चालत न्हाय. दुधाला वास लागतो. ठेवायचं आसंल तर खवा घोटू नगस, न्हाईतर ते सोड."

मी जाऊन बाभळीखाली थुंकून आलो. त्याला आता चार वर्षं झाली. अक्कांना यातलं काही आठवतही नसेल. मला आठवतं. दुधाच्या वासाच्या निमित्तानं का होईना, त्या बाईनं मला त्या वाटेवरनं ओढून बाजूला घेतलं. पण खर्रा सुटला तरी भीती सुटली नाही. तिनं वेगळंच रूप घेतलं. बाप गेल्यापासून मी एकदाही तोंडात बोटं घालून बघितलं नव्हतं. आरशापुढं दाढी करताना ओठ मिटूनच करायचो. न बघितलेलं बरं, असं मनानं ठरवूनच टाकलं होतं.

मग ही दाढ आली. उजवीकडं, खाली, सगळ्यात मागं. हिरडी सुजायची, उतरायची, पुन्हा सुजायची. मी लवंग धरायचो, कुणाला सांगायचो नाही. पण भट्टीवर खवा तयार झाला का ते दोन बोटांत चोळून आणि जिभेवर ठेवून बघावं लागतं, आणि एक दिवस मी चव बघताना डोळे मिटून घेतले ते अक्कांनी बघितलं.

"तोंड उघड."

"काही नाही अक्का, दाढ आहे."

"मग दाढंला काय मी खाते व्हय? उघड की."

मी तोंड उघडलं. तात्या दुधाचे कॅन धूत होते. म्हणाले, "अक्कलदाढ आसंल. ह्या भातवाल्याला उशिरा का हुईना, आक्कल येऊ लागली." मी भंडाऱ्याचा, भाताच्या मुलखातला, म्हणून इथं मला सगळे भातवालाच म्हणतात.

सोमवारी तात्यांनी मला मोटरसायकलवर घालून भूमला नेलं. दातांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. फोटो काढला. दाढ हाडात आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला ढुसण्या मारत होती. काढावी लागेल म्हणाल्या. मग विचारलं, "तंबाखू? गुटखा? खर्रा? काही खाता का?"

"नाही," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. चार वर्षांत चिमूटभर नाही. पण त्यांनी "खाता का" विचारलं होतं, "खाल्लाय का" असं विचारलं नव्हतं, आणि मी त्या फटीतून निसटलो. त्यांनी मला "आ" करायला लावलं, एक छोटी पट्टी दातांपाशी धरली, कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मी वर छताकडं बघत होतो.

सुई दिली तेवढंच दुखलं. नंतर नुसती ओढाओढ आणि कडकड आवाज. दोन टाके पडले. कापसाचा बोळा दाताखाली देऊन त्यांनी सांगितलं तो अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. आणि एक छापील कागद दिला. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. आज थुंकायचं नाही. आज चूळ भरायची नाही. उद्यापासून कोमट पाण्यात मीठ घालून तोंडात धरायचं, खळखळ करायची नाही. गरम खायचं नाही. स्ट्रॉनं प्यायचं नाही. बिडी-सिगारेट ओढायची नाही. झोपताना उशाला उंच घ्यायचं. गालाला बर्फ लावायचा. गोळ्या वेळेवर. पुढच्या सोमवारी टाके काढायला यायचं.

तो कागद मी खिशात न ठेवता हातात धरून आणला. येताना तात्या खड्डे चुकवत होते, आणि मी तोंडातला बोळा चावत, कागद छातीशी धरून मागं बसलो होतो. वाटेत त्यांनी गाडी थांबवली. "रगात गिळायलास व्हय? नासकं रगात पोटात जाऊ देऊ नये. थुक."

मी मान हलवून कागद दाखवला.

"कागदाला काय कळतंय," तात्या म्हणाले, पण पुन्हा काही बोलले नाहीत.

खरं सांगतो, त्या कागदावर मी जसा विश्वास ठेवला तसा आयुष्यात दुसऱ्या कशावर ठेवला नसेल. नागपूरला बापाला असला कुठला कागद मिळाला नव्हता. काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असेल तर आम्हाला कळलं नाही. इथं सगळं लिहून दिलेलं. मला वाटलं, एवढं पाळलं की झालं. मी थुंकलो नाही. लाळ लालसर यायची ती गिळायचो आणि कागद बघायचो. अक्कांनी भट्टीच्या खोलीत माझ्या उशाला पेंडीची दोन पोती घातली, वर वाकळ टाकली. बर्फ कुठनं आणायचा? भट्टीवर मोठा डीप फ्रीज आहे, खवा साठवायचा. अक्कांनी त्यातली किलोची गोठलेली पिशवी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या गालाला लावली.

तात्यांनी बघितलं. "ती पिशवी गिऱ्हाइकाची हाय बरं का."

"आसूंदे. गालाची ऊब लागून त्याचा पेढा हुत न्हाय," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गाल डोळ्यापर्यंत सुजला. कागदात तेही लिहिलं होतं, दोन-तीन दिवस सूज वाढेल म्हणून. मी तेवढ्यावर धीर धरून होतो. मीठ-पाणी तोंडात घ्यायचो, मान कलती करायचो आणि ते ओठांतून आपोआप खाली पडू द्यायचो. ब्रश पुढच्या दातांवर हळू फिरवायचो, जखमेकडं न्यायचो नाही. भाकरी बंद. यावर अक्कांचा विश्वासच बसेना. "भाकरीबिगर माणूस उभं तरी ऱ्हातंय का?" मग त्यांनी हुलग्याचं पीठ पातळ शिजवून माडगं केलं, ताटलीत ओतून पंख्याखाली गार केलं आणि स्वतः बोट बुडवून बघितलं, गरम तर नाही. आमच्याकडं भाताची पेज करतात. माडगं मी आधी कधी खाल्लं नव्हतं. डाव्या बाजूनं हळूहळू गिळत होतो आणि त्या समोर उभ्या होत्या, माझी वाटी रिकामी होण्याची वाट बघत. परक्या मुलखातल्या माणसासाठी एवढं कोण करतं. मला त्यांच्याकडं बघवेना. आपण या लोकांचं कशानं फेडणार, असं सारखं मनात येत होतं.

आणि त्याच विचारानं माझं काम बिघडवलं.

बुधवारी तात्या खवा घेऊन बार्शीला गेले होते. आसपासच्या घरांतनं सकाळचं दूध आलं. दोन कढया चढल्या. आमच्या भट्टीला जाळ धरायला विजेवरचा पंखा आहे, तो खालून वारा देतो. दूध तापू लागलं आणि लाईट गेली. पंखा बसला. लाकडं ओलसर, धूर नुसता खोलीत मावेना. अक्का एकट्या, एका हातात उलथणं, दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना. अर्धवट तापलेलं दूध तसंच राहिलं तर नासतं, आणि एकदा नासलं की एवढ्या घरांचं दूध उकिरड्यावर.

मी उशाच्या पोत्यांवरनं हे सगळं बघत होतो. कोपऱ्यात फुंकणी उभी होती. हातभर लांब लोखंडी नळी. पंखा यायच्या आधी तिनंच काम चालायचं.

"तू ऊठू नगस," अक्का म्हणाल्या.

"अक्का, मला चालायचं-बोलायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

मी फुंकणी उचलली, ओठाला लावली आणि जाळ धरला. तासभर. थांबून थांबून, गाल फुगवून, पोटातनं जोर काढून. दुखत होतं, पण जाळ पकडला, दूध उकळलं, आटलं. अक्कांनी कढई उतरवली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आज तू नसतास तर काय खरं नव्हतं बघ." मला इतकं बरं वाटलं. संध्याकाळी मीठ-पाणी घेतलं तेव्हा तोंडातून काळपट, गोळा झालेलं काहीतरी पडलं. मी ते बघितलं आणि घाण निघाली असं समजून पाणी टाकलं.

गुरुवारी दुपारी कान दुखू लागला.

दाढ नाही, कान. आधी वाटलं वारं लागलं. मग कळ कानातून खाली जबड्यात आली, तिथनं कानशिलात गेली. गोळी घेतली की तासभर थांबायची आणि पुन्हा यायची. तोंडाला वास येऊ लागला. मीठ-पाणी धरलं तरी जाईना. मी त्या वासानं दचकलो, कारण तो वास मला ओळखीचा होता. आमच्या घराला शेवटचे सहा महिने तोच वास होता.

शुक्रवारी सकाळी मी भट्टीच्या खोलीतल्या आरशापुढं उभा राहिलो. आधी दार लावून घेतलं. हात वर आणला, पुन्हा खाली घेतला. मग एकदम, विचार न करता, बोट घातलं.

एक गेलं. दुसरं गेलं नाही.

मी पुन्हा प्रयत्न केला. जबडा पुढं काढला, मान वर केली. एकच. त्याच्यावर दुसऱ्याचं नख टेकत होतं आणि तिथं भिंत लागल्यासारखं थांबत होतं. आरशात माझा चेहरा होता, पण उभं राहणं सगळं बापाचं होतं. कोपर तसंच बाहेर काढलेलं. मी खाली बसलो. दाढ आडवी आली वगैरे खरं असेल, पण आत दुसरंच काही होतं आणि दाढ काढताना ते उघडं पडलं, असं माझ्या मनानं घेतलं. आधी माझं तोंड किती उघडायचं? तीन बोटं? दोन? मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं न बघून मी स्वतःच तो रस्ता बंद केला होता.

दवाखाना तासाभरावर होता. कागदावर खाली लिहिलेलं होतं की जास्त त्रास झाला तर लगेच या. बाकी सगळं मी पाळलं, ही एकच ओळ पाळली नाही. कारण मी गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, आणि मला खर्रा सांगावा लागला असता, आणि मग त्या म्हणाल्या असत्या, तुकडा काढून तपासायला पाठवू. बापाचं तसंच झालं होतं. तुकडा काढेपर्यंत तो आजारी माणूस होता. तुकड्याचा कागद आला आणि तो मेलेला माणूस झाला, मरायला मग नुसता वेळ लागला.

दुपारी आईचा फोन आला. घ्यावा की नको असं झालं, पण न घेतला तर ती तात्यांच्या फोनवर लावते.

"जेवलास का रे बाबू?"

"जेवलो."

"का जेवलास?"

"भात. दाढ काढलीय ना, मऊ खातोय."

मग ती म्हणाली, "तू असा दात दाबून कावून बोलून राहिलास?"

"सूज आहे माय."

"तुझा बाप असाच बोले." आणि मग, अगदी हळू, "तोंडात किती बोटं जाते?"

मी "तीन" म्हणालो. आईशी मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललोय, बाहेर राहणारा माणूस बोलतोच, पण हे एक खोटं माझ्या अंगावर काटा आणून गेलं. तिनं विश्वास ठेवला नाही. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. माझी आई फोन कधी आपण होऊन ठेवत नाही.

शनिवारी सकाळी अक्का माडगं घेऊन आल्या तर कालची वाटी तशीच होती. त्यांनी वाटी बघितली, मला बघितलं. मोबाईलचा दिवा लावला. "उघड."

मी जमेल तेवढं उघडलं. त्यांनी वाकून, इकडून तिकडून बघितलं. फटीतून आत काही दिसेना. "आरं, एवढंच? मागं बघितलं तवा तर ह्याच्यापेक्षा मोठं हुतं."

"दुखतंय अक्का."

"दुखतंय ते कळतंय मला. पर तू दुखण्यानं न्हाय, भ्यालास कशाला तरी." त्या माझ्यासमोर पोत्यावर बसल्या. "बोल."

मग मी बोललो. बाप, खर्रा, बोटं, नागपूर, आई. दात न उघडता जेवढं बोलता येतं तेवढं. मी थांबलो तेव्हा अक्कांनी विचारलं, "मी तुला थुकून ये म्हणलं हुतं, ते हेच?"

"हेच."

"आन् तू मला चार वर्सांत सांगितलं न्हाईस." त्या उठल्या आणि दारातून ओरडल्या, "आवो, गाडी काडा. मी बी येते."

"तिघं बसायचं कसं?" तात्या बाहेरून म्हणाले.

"तुमी ऱ्हावा दुधाला. तुमच्या भावाची चारचाकी सांगा."

भूमच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला कळ कानातून डोक्यात जात होती आणि मी मनात म्हणत होतो, अजून थोडा रस्ता असू दे, अजून थोडा. दवाखान्याची पाटी दिसली तेव्हा मला उतरवेना. अक्कांनी दंडाला धरून उतरवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर घेतलं, बारीक आरसा आत सारला. "चूळ जोरात भरली होती का?"

"नाही. पाणी नुसतं पडू द्यायचो."

"स्ट्रॉ?"

"नाही."

"बिडी?"

"नाही. कागदावरचं सगळं पाळलंय मॅडम."

"मग सोमवारपासून सांगा बघू. रोज काय काय केलं."

मी सांगू लागलो. पोती, खव्याची पिशवी, मीठ-पाणी, माडगं. "बुधवारी लाईट गेली, मग फुंकणीनं जाळ केला, मग..."

"थांबा. किती वेळ?"

"तासभर. थांबून थांबून."

त्यांनी आरसा बाजूला ठेवला. "अहो, दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते. तेच हाडावरचं झाकण. ओढलं तरी ते निघतं, फुंकलं तरी निघतं. तुमचं निघालंय. खालचं हाड उघडं पडलंय, म्हणून कळ कानापर्यंत जातेय आणि वास येतोय."

मला आठवलं, पाण्याबरोबर पडलेलं ते काळपट. "तुम्ही ओढू नका म्हणाला होतात," मी म्हणालो. "मी फुंकलं."

"बरोबर आहे तुमचं. चूक माझीपण आहे. इथं बसून मी स्ट्रॉ लिहिते. इथं स्ट्रॉनं पितं कोण." त्या हातमोजे घालू लागल्या. मी खुर्चीचा हात धरून होतो. माझं विचारायचं अजून राहिलंच होतं आणि ते ओठापर्यंत येऊन परत जात होतं.

मागून अक्का म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, त्याला दुसरंच इचारायचंय. त्याचा बाप तोंडाच्या रोगानं गेला. ह्यानं बी लई खाल्लाय तसला खर्रा. सोमवारी तुमच्यापाशी बोलला न्हाय."

मी डोळे मिटले. आता "तुकडा" हा शब्द येणार, म्हणून वाट बघत राहिलो.

तो आला नाही. त्यांनी माझ्या डाव्या गालात बोट घातलं, बाहेरून अंगठा लावला आणि कातडी चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चोळली. आम्ही खवा बघतो तशी. मग उजव्या गालात, सूज सांभाळून. मग जिभेखाली. बराच वेळ लावला. मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत होतो.

"कातडी मऊ आहे. दोन्हीकडची. पांढरं काही नाही," त्या म्हणाल्या. "डोळे उघडा."

त्यांनी माझी फाईल काढली आणि सोमवारचं पान पुढं धरलं. "सुई द्यायच्या आधी मी पट्टीनं तुमचं तोंड मोजलं होतं. हे बघा. तुमची तीन बोटं आरामात जातील एवढं. आता एक जातंय. तुमच्या वडलांचं तिनाचं एक व्हायला किती दिवस लागले?"

"चार वर्षं. तिसरी ते सातवी."

"तुमचं पाच दिवसांत झालं. तो आजार असा पळत येत नाही. हा जबड्याचा स्नायू आखडलाय, सुईनं आणि दाढ काढताना बसलेल्या ताणानं. तो सुटेल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण खर्रा खाल्लाय तर दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं. मी जन्मभराची हमी देत नाही. आजची देते."

त्यांनी खड्डा मिठाच्या पाण्यानं धुतला आणि लवंगेच्या वासाची औषधाची पट्टी आत बसवली. पाच मिनिटांत कळ उतरली. खरंच पाच मिनिटांत. मी घड्याळाकडं बघत होतो. कळ उतरली आणि मला रडू आलं. मी तोंड फिरवलं, पण अक्कांनी पदराचं टोक पुढं केलं. "पूस, पर फुकू नगस," म्हणाल्या.

जाताना डॉक्टरीणबाईंनी एक नवा छापील कागद घेतला आणि स्ट्रॉच्या ओळीखाली पेनानं लिहिलं: फुंकणीनं जाळ फुंकू नये. मग गठ्ठ्यातला दुसरा कागद घेतला, त्याच्यावरही तेच लिहिलं. आम्ही निघालो तेव्हा त्या तिसऱ्यावर लिहीत होत्या.

पट्टी दोनदा बदलावी लागली. टाके निघाले. तोंड उघडायचा व्यायाम दिला होता: बोटांनी दात हळू फाकवायचे, दुखेल तिथं थांबायचं. म्हणजे रोज सकाळी मला आरशापुढं उभं राहून बोटं घालावीच लागत होती. डॉक्टरीणबाईंनी आजची हमी दिली होती, पण ती काल झाली. रोज सकाळी मला नवी लागायची. एक. एक आणि वर दुसऱ्याचं टोक. दोन. दोनावर आठवडाभर अडकलं तेव्हा मी पुन्हा माडगं ठेवून दिलं आणि अक्कांकडून बोलणी खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिसरं बोट दाताला घासून आत गेलं. मी तसाच, बोटं तोंडात ठेवून, बाहेर आलो. तात्या दूध मोजत होते. बघून म्हणाले, "आता मूठ घालतोस का काय?"

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या पोरीनं तिला फोन धरून दिला. बोलायच्या आधी मी तीन बोटं दातांमधे उभी केली आणि फोन जवळ नेला. तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. ती फोन डोळ्याला लावून बघत होती.

"हलवून दाखव," ती म्हणाली.

मी हलवली.

"आता काढ. पुन्हा घाल."

मी काढली, पुन्हा घातली.

मग तिनं फोन लांब धरला, तेव्हा तिचा चेहरा दिसला, आणि म्हणाली, "हात धुतले होतेस का रे आधी?"

मी धुतले नव्हते. मघाशीच लाकडं टाकली होती. फोन तसाच दगडाला टेकवून मी हौदाकडं गेलो आणि साबण लावून हात धुतले, तिला दिसेल असे.